वहीसकट गाडी विकणे आहे

जर्मनीत जुनी गाडी विकायला काढली की जाहिरातीत एक ओळ ठरलेली असते: देखभालीच्या सर्व नोंदी उपलब्ध. मीही ती ओळ लिहिली आणि गिऱ्हाईकाची फसगत नको म्हणून पुढे दोन शब्द जोडले, 'मराठी भाषेत'. श्टुटगार्टच्या परिसरात जुन्या मर्सिडीझच्या अशा जाहिराती शेकड्याने असतात. त्यांत मराठी वहीसकट विकायला निघालेली ही बहुधा एकटीच असावी. ते दोन शब्द लिहिताना मला गंमत वाटली होती. पुढे त्यांनी मला बरेच महिने कामाला लावले.

गाडी म्हणजे १९८७ सालची मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल. गडद निळा रंग, फिकट बदामी कातड्याच्या दोन बैठका, आणि उघडता येणारे छप्पर. या पिढीच्या गाड्यांना कंपनीच्या अंतर्गत क्रमांकावरून 'आर १०७' म्हणतात. १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षे त्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात तयार होत होत्या आणि आमचे घर त्या कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. 'एसएल'मधली दोन अक्षरे 'सुपर-लाइश्ट', म्हणजे अतिशय हलकी, या शब्दांची आहेत. प्रत्यक्षात गाडीचे वजन दीड टन भरते. हे ऐकून आबा म्हणाले होते, "म्हणजे आपल्याकडे भरभक्कम माणसाला छोटू म्हणतात, तसे."

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची सारी नोकरी दापोडीच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. मर्सिडीझची खूण असलेला तीन टोकांचा तो तारा त्यांच्या पिढीने प्रथम ट्रकवर पाहिला, कारण १९५४ ते १९६९ या काळात टाटांचा डाइम्लर-बेंझशी करार होता आणि 'टाटा-मर्सिडीझ-बेंझ' ट्रकांच्या नाकावर तो तारा असे. १९९५च्या सुमारास पुण्यातच मर्सिडीझच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी ती बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली होती. मी पुढे नोकरीसाठी इकडे आलो तो एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. ताऱ्याशी माझा थेट संबंध कधीच आला नाही. तरीही आबा शेजारीपाजारी "मुलगा बेंझच्या गावाला असतो" असेच सांगत.

ही गाडी मी २००७च्या मार्च महिन्यात २१,५०० युरोंना घेतली, तेव्हा ती १,१२,००० किलोमीटर चाललेली होती. एप्रिलमध्ये आबा तीन महिन्यांसाठी आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिले, आणि विचारले, "पूजा केलीस का?" केली नव्हती. मग इमारतीच्या मागच्या अंगणात चाकांखाली लिंबे ठेवली गेली आणि दुकानातून आणलेला नारळ वाढवला गेला. इथवर ठीक होते. आबांनी कुंकवात बोट बुडवले आणि ते बॉनेटकडे निघाले, तेव्हा मी अक्षरशः आडवा गेलो. स्वस्तिक काढायचे होते त्यांना. या देशात ते चिन्ह उघड्यावर दिसले की माणसांचे चेहरे बदलतात आणि त्यांनी ते बदलू नयेत असे म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. इथला इतिहास तसा आहे. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई, ज्यांचे बालपण युद्धात गेले, त्या खिडकीतून कौतुकाने खाली पाहत होत्या. आबांना मी हलक्या आवाजात समजावले. ते थबकले, वर खिडकीकडे पाहिले, हात जोडले. मग घरात गेले, माझ्या मुलाची एक कोरी, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने ते चिन्ह काढले, खाली 'श्री' लिहिले. दुसऱ्या पानावर तारीख टाकून लिहिले: "कि.मी. १,१२,३४०. तेल पाहिले, ठीक. पुढचे डावे चाक हवा कमी. स्टेपनी जुनी, बदलावी."

अशी ती वही सुरू झाली. पुढची सतरा वर्षे ती बंद पडली नाही, याचे श्रेय धाकाला आहे. आबा दर रविवारी फोनवर प्रकृती विचारत, आधी माझी आणि मग गाडीची, आणि "वहीत लिहिलेस का?" हा प्रश्न चुकत नसे. एस.टी.तल्या माणसाला नोंद नसलेले काम हे झालेले काम वाटतच नाही.

गाडी विकायचे कारण साधे होते. निवृत्तीनंतर आम्ही दोघे पुण्याला परतणार आहोत आणि गाडी तिकडे नेता येत नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आमची गाडी दोन्ही कलमांत नापास. विंटेज म्हणवून घ्यायला भारतात पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याला अजून बराच अवकाश. मुलगा बर्लिनमध्ये राहतो, त्याच्याकडे सायकल आहे आणि मत आहे. दोन्ही चांगल्या स्थितीत आहेत.

विक्रीची पहिली पायरी म्हणजे मूल्यांकन. इथे जुन्या गाड्यांच्या अवस्थेला १ ते ५ असे गुण देतात आणि जर्मन शाळेप्रमाणेच १ म्हणजे सर्वोत्तम. आमच्या गाडीला '२ उणे' मिळाले. पुण्याच्या शाळेत असा निकाल लागला असता तर आबांना भेटायला बोलावले असते. इथे मूल्यमापकाने माझे अभिनंदन केले. त्याने सगळे कागद मागितले. गाडीच्या जन्माचा तक्ता होता, पूर्वीच्या दोन मालकांची बिले होती, दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीचे अहवाल होते, आणि २०१७ साली गाडीला तीस वर्षे झाल्यावर नंबरप्लेटच्या शेवटी मिळालेल्या 'एच' या अक्षराचा, म्हणजे ऐतिहासिक वाहन ठरल्याचा, दाखला होता. (या अक्षरामुळे रस्त्याचा कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट होतो. त्र्याहत्तर सेंट कुठून आले हे मी कुणाला विचारलेले नाही.) शेवटी मी वही पुढे केली. त्याने चार पाने उलटली, आकडे कुठे दिसतात का ते पाहिले, पण आकडेही देवनागरीत होते. "हे वाचता आले तर गाडीच्या किमतीत याची भर पडेल," तो म्हणाला, "नाही तर ही फक्त सुंदर वही आहे."

त्यामुळे मी भाषांतराला बसलो. रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन पाने. "इंजिन तेल बदलले, साडेपाच लिटर" अशा नोंदी सोप्या होत्या. अडचण आबांच्या नोंदींची होती. "गाडी गचके देते" याला जर्मनमध्ये चपखल क्रियापद आहे आणि ते सापडल्यावर मला अकारण आनंद झाला. पण "आज गाडी रुसली" याचे काय करावे? २००९च्या जूनमधली ती नोंद आहे. त्या दिवशी आम्ही श्वाबियन आल्बच्या डोंगरात लिश्टेनश्टाइनचा किल्ला पाहायला गेलो होतो आणि गाडी परतताना चढावर बंद पडली होती. अर्ध्या तासाने, काही न करता, ती आपोआप सुरू झाली. तांत्रिक भाषांतर करायचे तर "गरम असताना बंद पडणे, कारण अज्ञात" असे होईल. मी तसेच लिहिले. लिहून झाल्यावर मात्र त्या ओळीत आबा कुठेच उरले नाहीत, म्हणून कंसात "वडिलांच्या मते: नाराज होती" असे जोडले. कारण पुढे सापडले, इंधनपंपाचा रिले. तेही त्याच वहीत आहे.

रिलेंवरून आठवले. २०१२ साली गाडी उभी असताना इंजिनाचा वेग आपोआप वरखाली होऊ लागला आणि ब्रेकचा पिवळा दिवा लागून राहू लागला. एका कार्यशाळेने दोनदा पाहून इंधन वाटपाचा सगळा संच बदलायला सांगितला. त्या गाड्यांत बॉशची 'केई-जेट्रॉनिक' नावाची, निम्मी यांत्रिक आणि निम्मी इलेक्ट्रॉनिक अशी इंधनप्रणाली असते. तिचा तो संच म्हणजे मोठ्या रकमेचे प्रकरण. आबा तेव्हा तिसऱ्यांदा आले होते, वय सत्त्याहत्तर. त्यांना जर्मन येत नव्हते आणि त्यांनी इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर आयुष्यात काम केले नव्हते. पण त्यांचे म्हणणे असे, की दोन वेगळी दुखणी एकाच दिवशी सुरू झाली असतील तर त्यांचे मूळ एक असते. इंजिनाचा संगणक आणि ब्रेकचा संगणक या दोघांनाही वीज पुरवणारी एकच वस्तू होती, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, डोक्यावर फ्यूज असलेला रिले. त्यांनी तो काढला, पत्र्याचे झाकण उचकटले, माझा चष्मा स्वतःच्या चष्म्यावर धरून आत पाहिले. सोल्डरच्या एका ठिपक्याभोवती केसाएवढी गोल भेग होती. भांड्याला डाग द्यावा तसा त्यांनी तिथे डाग दिला. दिवा गेला, इंजिन शांत झाले. नोंद एका ओळीची आहे: "रिलेस डाग दिला. खर्च शून्य. चहा दोन." भाषांतरात मी चहा ठेवला.

खरे कठीण काम पुढे होते. जाहिरातीत गाडीचे दोष लिहायचे होते. इथे खासगी विक्रीच्या करारात "दोषांची जबाबदारी घेत नाही" असे स्पष्ट लिहून विकणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे होता येते, पण ठाऊक असलेला दोष लपवला असेल तर ते कलम उपयोगाचे नसते. म्हणजे कायद्यालाही यादी हवी होती. मी कागद घेतला आणि वही पुढे ठेवून उतरवू लागलो. उजव्या बाजूला जॅक लावण्याच्या पुढच्या जागी गंज, २०१४ साली कापून नवीन पत्रा जोडलेला. काचेखालच्या खोबणीतल्या पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पानांनी तुंबून एकदा पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरलेले. गालिचा वाळवला, पण डाव्या कोपऱ्यात डाग. इंजिनाच्या पुढच्या झाकणातून तेलाचा घाम, थेंब नाही. ड्रायव्हरच्या बैठकीची डावी कड घासलेली. मागच्या उजव्या मडगार्डवर रंग पुन्हा दिलेला.

हा शेवटचा दोष लिहिताना मी बराच वेळ थांबलो. मुलाला गाडी शिकवताना तो खांब मध्ये आला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तसा गाडीवरचाही उडाला, आणि मी रागावलो नाही याचे कारण मोठेपणा नव्हे, मला त्याच क्षणी हसू फुटले होते. पण गिऱ्हाईकाला हे कशाला? "मागील उजवे मडगार्ड, २०१५, सौम्य धक्का, व्यावसायिकरीत्या रंगवले." एवढेच लिहिले. गाडीत आमचे म्हणून जे जे काही होते ते सगळे दोषांच्या यादीत जमा होत चालले होते, आणि जाहिरातीतल्या गुणांच्या बाजूला जे होते ते झिंडेलफिंगेनच्या कारखान्याचे होते.

जाहिरातीत किंमत ४२,००० युरो लिहिली. पहिल्या दिवशी सतरा निरोप आले. त्यांतल्या बाराजणांनी नमस्कार-चमत्कार न करता एकच प्रश्न विचारला होता, "शेवटची किंमत काय?" हा जर्मनीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातला इतका प्रसिद्ध प्रश्न आहे की लोक त्यावर विनोद करतात. मंडईत जन्म गेलेल्या माणसाला घासाघीस नवीन नाही, पण मंडईत निदान वांगे हातात घेऊन मग भाव विचारतात. एका गृहस्थाने परदेशातून लिहिले की गाडी न पाहताच घेतो, वाहतूकदाराचे पैसेही माझ्याच खात्यावर पाठवतो, ते मी पुढे द्यावेत. ही फसवणूक इतकी जुनी आहे की तिलाही 'एच' अक्षर मिळायला हरकत नाही.

प्रत्यक्ष पाहायला आलेले पहिले गृहस्थ व्यापारी होते. त्यांनी खिशातून रंगाची जाडी मोजणारे यंत्र काढले आणि डॉक्टर छाती तपासतो तसे पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवत गेले. मागच्या मडगार्डवर आकडा दुप्पट आला. "तुम्ही लिहिले होते," ते म्हणाले, काहीशा निराशेने, कारण जे आधीच लिहिलेले असते त्यावर भाव पाडता येत नाही. मग त्यांनी दुसरी बाजू घेतली. सहा सिलिंडरचे ३०० एसएल कुणालाच नको असते, लोक आठ सिलिंडरचे ५०० शोधतात; आणि शिवाय या गाड्या काही दुर्मिळ नाहीत. दुसरे म्हणणे खरे आहे. या पिढीच्या उघड्या गाड्या एकूण २,३७,२८७ निघाल्या. पण ३०० एसएल त्यांत १३,७४२ आहेत आणि ५०० एसएल ११,८१२, तेव्हा त्यांचा पहिला आणि दुसरा मुद्दा एकमेकांना फारशी मदत करत नव्हते. त्यांनी २९,००० सांगितले. मला राग आला नाही. व्यापाऱ्याला स्वतः विकलेल्या गाडीची गिऱ्हाईकाला कायदेशीर हमी द्यावी लागते आणि ती किंमत तो कुठून तरी काढणारच. वही मात्र त्यांनी उघडली तीसुद्धा उलट्या बाजूने, आणि म्हणाले, "ही तुम्ही ठेवून घ्या, मला उपयोग नाही." त्याच वाक्याला आमचा व्यवहार संपला होता, हे त्यांना कळले नाही.

दुसरा एक तरुण आला. गाडी खाली बसवायची, मोठी चाके घालायची असा त्याचा बेत होता. गाडी त्याची झाल्यावर त्याने तिचे काय करावे हा त्याचा प्रश्न, असे मी स्वतःला बजावत होतो, तेवढ्यात माझी पत्नी चहाचा ट्रे घेऊन आली आणि त्याला म्हणाली की गाडी विकली गेली आहे. तो गेल्यावर आम्ही दोघांनी तो चहा घेतला. याबाबतीत आमच्यात कोणतीही चर्चा झाली नाही.

मे महिन्याच्या अखेरीस रॉयटलिंगेनहून एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, रुग्णालयात भूलतज्ज्ञ. सोबत त्यांचा भाऊ, जो कृषियंत्रे दुरुस्त करतो. त्यांनी फोनवर किंमत विचारली नव्हती. विचारले होते ते असे, की त्या येण्याआधी मी इंजिन सुरू करू नये. गार इंजिन कसे सुरू होते ते त्यांना ऐकायचे होते. भूल देणाऱ्या माणसाला शुद्धीवर येतानाचे आवाज महत्त्वाचे वाटत असणार. त्या गॅरेजमध्ये डोळे मिटून उभ्या राहिल्या, मी किल्ली फिरवली. त्यांच्या भावाने बॉनेटवर हात ठेवून गरम नसल्याची खात्री आधीच करून घेतली होती.

त्या सहा महिन्यांपासून शोधत होत्या. अमेरिकेतून परत आणलेल्या चार गाड्या पाहून झाल्या होत्या. या पिढीतल्या बहुतेक गाड्या तिकडेच विकल्या गेल्या, ५६० एसएल तर जर्मनीत अधिकृतपणे विकलीच गेली नाही, आणि आता त्यांतल्या बऱ्याच माहेरी येत आहेत. कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना गंज नसतो, पण उन्हाने डॅशबोर्डला भेगा पडलेल्या असतात, आणि पुढचे-मागचे बंपर तिकडच्या नियमांपायी इतके लांब असतात की गाडीने बाक ओढून बसल्यासारखे वाटते. हे सगळे त्या मला सांगत होत्या आणि त्यांचा भाऊ आडवा होऊन जॅकची जागा टॉर्चने पाहत होता. वेल्डिंगवर त्याने अंगठा फिरवला. बहिणीला एकच शब्द म्हणाला, "नीट."

मग छपराची शिकवणी झाली. गाडीला दोन छपरे आहेत. कापडी छप्पर हाताने घडी करून बैठकांच्या मागे लोखंडी झाकणाखाली जाते. हिवाळ्यासाठी पत्र्याचे वेगळे छप्पर, चाळीस किलोंच्या आसपास वजनाचे, वरून ठेवावे लागते. त्यासाठी मी गॅरेजच्या छताला कप्पी लावली होती, विहिरीला असते तशी. कापडी छपराची मागची खिडकी प्लास्टिकची असते. घडी करताना ती दुमडली की तिच्यावर कायमची रेघ उमटते, म्हणून घडीत मऊ फडके घालावे लागते. आमच्याकडचे फडके म्हणजे आबांच्या धोतराचा हातभर तुकडा, त्यांनीच २००७ साली फाडून दिलेला. धुऊन धुऊन तो मलमलीसारखा झाला आहे. बाईंनी तो हातात घेतला, बोटांनी चाचपला, आणि भाषांतरातली नोंद शोधून वाचली. तिथे मी तो शब्द तसाच ठेवला होता, 'धोतर'. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला. दुसऱ्यांदा बराच बरा जमला.

वही त्यांना मूळच हवी होती. भाषांतर शेजारी ठेवून त्या पाने जुळवून पाहू लागल्या, आणि हा माणूस व्यवहारात पक्का आहे हे मला तेव्हा कळले, कारण दहा मिनिटांनी त्यांनी विचारले, "पाने तुम्ही क्रमांक घालून दिली आहेत, पण सुरुवात तीनपासून आहे. पहिले पान कुठे आहे?"

ते मी आदल्या रात्री ब्लेडने, शिवणीला धक्का न लावता, कापून ठेवले होते. थाप मारता आली असती. कपाटातून ते पान आणले आणि पालथेच टेबलावर ठेवून आधी सगळे सांगितले: पूजा, बॉनेट, खिडकीतल्या आजीबाई, आबांचे जोडलेले हात. मग सुलटे केले. कुंकवाचा रंग आता विटकरी झाला आहे. दोघे बहीणभाऊ काही वेळ बोलले नाहीत. भावाने नजर वळवली. बाई मात्र पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्यासाठी हे काय आहे ते मला समजले. माझ्या घरात ते असू शकत नाही. तुम्ही योग्य तेच केले आहे, हे पान तुमचे आहे." त्यात ओशाळेपणा नव्हता आणि नाराजीही नव्हती. मला हायसे वाटले, आणि थोडे वाईटही, दोन्ही एकदम.

सौदा ३८,५०० युरोंना ठरला. जुनी गाडी म्हणजे गुंतवणूक, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगतो: वहीतल्या सतरा वर्षांच्या खर्चाची बेरीज १९,००० युरोंच्या पुढे जाते, आणि त्यात पेट्रोल, विमा आणि गॅरेजचे भाडे धरलेले नाही. जून महिन्यात त्या पैसे चुकते करायला आल्या तेव्हा आम्ही दोघे बँकेत शेजारी शेजारी बसलो. रक्कम माझ्या खात्यावर दिसल्यावर मी मालकीचा दाखला, तीन किल्ल्या आणि वही त्यांच्या हवाली केली. कि.मी. १,६८,४३०. शेवटची नोंद मी सकाळीच करून ठेवली होती: टायरची हवा, तेल ठीक, पाणी ठीक, गाडी दिली. निघताना छप्पर उघडे होते. माझ्या पत्नीने त्यांच्या हातावर साखर ठेवली. ती का, हे विचारण्याआधीच त्यांनी ती खाऊन टाकली, त्यामुळे खुलासा करावा लागला नाही.

झेरॉक्स मी काढून ठेवली आहे. मूळ वहीला तेलाचा आणि कुंकवाचा मिळून जो वास होता तो तिला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, आबांच्या फोनची जी वेळ असे साधारण त्याच वेळी, बाईंचा फोन आला. पत्र्याचे छप्पर ठेवले आहे, पुढचे दोन्ही खटके बसले, मागचा उजवा बसत नाही. मी त्यांना सांगितले की भावाला उजव्या बाजूला उभे करा, छपराच्या मागच्या कडेवर तळहात ठेवून त्याने वजन टाकावे, ठोसा मारू नये, आणि तुम्ही त्याच वेळी आतून कळ फिरवा. फोन गाडीतच ठेवला गेला. पावलांचा आवाज, भावाचे काही पुटपुटणे, मग एक भरीव 'खट्ट'. ती खट्ट मला फोनवरूनही ओळखता आली.

"बसला," त्या म्हणाल्या.

"किलोमीटर किती झाले?" मी विचारले. त्यांनी वाकून वाचले आणि आकडा सांगितला. माझ्या हातात पेन्सिल होती. ती केव्हा उचलली ते मला आठवत नाही. जवळ विजेचे बिल पडले होते, त्याच्या मागे मी लिहून घेतले: "कि.मी. १,७१,०६५. टोपी चढवली."